मणी आणि मीठ

त्या दिवशी नूतनने बांगड्याच्या कालवणात मीठ घातलं नाही. विसरली नव्हती. मिठाचा डबा हातात घेतला, उघडला, आणि पुन्हा झाकण लावून फळीवर ठेवून दिला. सव्वीस वर्षांच्या संसारात असलं पाप तिने पहिल्यांदाच केलं.

जयवंत जेवायला बसला. भात कालवला, पहिला घास घेतला, दुसरा घेतला. नूतन समोर कोकमाची सोलं निवडत बसली होती, पण नजर सगळी त्याच्या तोंडाकडे. हाच माणूस लग्नानंतर आठव्या दिवशी सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाला होता, "तिरफळं कमी पडली हो!" चव जराशी बिघडली की घर डोक्यावर घेणारा.

"वाढू अजून?"

"हं."

तिने वाढलं. त्याने तेही खाल्लं, ताट उचललं, मोरीत धुऊन पालथं घातलं आणि पडवीत जाऊन खाडीकडे तोंड करून बसला.

नूतनने बोट बुडवून रस्सा चाखला. नुसतं तिखट पाणी. जिभेला लावायची सोय नव्हती.

तेवढ्यात भिंतीवरच्या छोट्या पडद्यावर रोजचा हिरवा गोल उमटला. 'जयवंत भाटकर. दिवस त्रेपन्नावा. आजचा आकडा चौऱ्याऐंशी. प्रकृती उत्तम.'

"उत्तम म्हणे," ती पडद्याला म्हणाली. "उत्तम माणसाला मीठ कळतं."

जयवंत फेरीबोटीचा सारंग. खारवण्याच्या धक्क्यावरून पलीकडच्या देवघळीला दिवसाला चौदा फेऱ्या, अठरा वर्षं. डिझेलची बोट जाऊन विजेवरची आली तेव्हा तिचा पहिला नारळही त्यानेच फोडला होता. अन् दोन वर्षांपूर्वी, भर दुपारी, खाडीच्या मधोमध त्याने बोट थांबवली. बिघाड काही नव्हता. हात लिव्हरवर ठेवून तो नुसता बसून राहिला. बोटीत सत्तावीस माणसं, दोन रिक्षा आणि एक बैल. ओहोटीच्या ओढीने बोट वाळूच्या दांड्याकडे सरकू लागली तसा खलाशाने त्याचा हात बाजूला करून चाक धरलं. नंतर सगळे विचारत राहिले, काय झालं, काय झालं. जयवंत एवढंच म्हणाला, "पुढे कशाला न्यायची, तेच आठवेना."

तिथून पुढे बावीस महिने तो खाटेवर होता. मग त्यांची लेक रेवा जिथे काम करते त्या रत्नागिरीच्या मनआरोग्य केंद्रात नवी उपचार चाचणी सुरू झाली, आणि जयवंतचं नाव त्यात लागलं. कपाळाच्या डाव्या बाजूला चुंबकाचे बारीक बारीक ठोके द्यायचे, म्हणजे मेंदूचा जो भाग झोपी गेल्यासारखा झालेला असतो त्याला हलवून जागं करायचं. जोडीला गोळ्या. आणि गुण किती आला ते मोजायला गळ्यात मणी.

मणी म्हणजे करवंदाएवढं काळं यंत्र, दोरीत ओवलेलं. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, पण गाव त्याला मणीच म्हणायचं. पहिल्या दिवशी जयवंत तो घालून धक्क्यावर गेला तेव्हा शेजारच्या दत्ताराम तांडेलाने हाळी दिली होती, "काय सारंगानू, वहिनींनी मंगळसूत्र तुमच्या गळ्यात बांधलं की काय?" तेव्हा जयवंत थोडासा हसलाही होता. त्या हसण्यावर नूतनने पुढचे पंधरा दिवस काढले होते.

मण्यामागचं शास्त्र रेवाने आईला पाटावर पीठ पसरून, त्यात रेघा ओढून समजावलं होतं. माणूस खचतो तेव्हा बाकी कुणाला कळायच्या आधी त्याचा आवाज खचतो. सूर वरखाली व्हायचा थांबतो, सपाट होतो. दोन शब्दांमधल्या जागा रुंद होतात, कारण पुढचा शब्द खोल विहिरीतून ओढून काढावा लागतो. श्वास वाक्याच्या मध्येच संपतो. हे फरक इतके बारीक असतात की कानाला लागत नाहीत, पण मण्याला लागतात. तो शंभरातला आकडा देतो. सत्तरच्या वर सलग साठ दिवस राहिलं, की माणूस बरा. मग गोळ्या बंद, कामाचा दाखला हातात.

"आणि हा बोललेलं सगळं ऐकतो?" नूतनने विचारलं होतं.

"शब्द नाही ऐकत, आई. कायदाच आहे तसा. लोकांच्या घरातलं बोलणं मागे चोरीला गेलं होतं ना, तेव्हापासून. मणी एका वेळी दोनच मिनिटं ऐकतो, तेही बटण दाबलं तरच. आणि शब्द तिथल्या तिथे पुसून टाकतो. फक्त चाल ठेवतो. आवाजाचा चढउतार."

"म्हणजे धान्य टाकायचं आणि सूप ठेवायचं."

"असंच काहीसं," रेवा हसली होती.

चाचणीच्या नियमाप्रमाणे घरातल्या एका माणसानेही मणी घालायचा असे, म्हणून दुसरा नूतनच्या गळ्यात आला. ती अंगणवाडीत शिकवायची. मुलं घरी गेली की सतरंजी झटकता झटकता ती बटण दाबून दोन मिनिटं बोलायची. आज अमका रडला, तमकीने खिचडी सांडली, ह्यांना आजही झोप नीट नाही. तिचा आकडा सत्तेचाळीसच्या वर कधी गेला नाही.

बिनमिठाच्या कालवणानंतर दोन दिवसांनी दत्ताराम कुंपणाशी उभा राहिला. जरा अवघडलेला.

"वहिनी, एक विचारू? रागावू नका. सारंगांनी मला पाग दिला."

"उसना?"

"नाय ना. 'घेऊन जा, मला काय करायचाय,' म्हणाले. शिशाच्या गोळ्यांसकट. मी म्हटलं बाबा, पुढच्या महिन्यात खाडीत मुडदुशी मासे चढतील. तर म्हणाले, चढू देत."

तो पाग, फेकायचं ते गोल जाळं, जयवंतने स्वतःच्या हाताने दोन पावसाळे बसून विणला होता. घरात आग लागली असती तर त्याने आधी पाग बाहेर काढला असता आणि मग बायको.

घरात येऊन तिने इकडेतिकडे पाहिलं. आता तिला एकेक दिसू लागलं. कपाटात विम्याचे कागद एका पिशवीत नीट लावलेले. मीटरचा, पाण्याचा, घरपट्टीचा नंबर तिच्या फोनमध्ये घालून दिलेला, "तुला कधी लागले तर" म्हणून. परवा तो आपणहून तिला पंपाचा व्हॉल्व्ह कसा बदलायचा ते दाखवत होता. तेव्हा तिला बरं वाटलं होतं, हातापायात जीव आला म्हणून. आता कळलं, आपल्यामागे हिचं अडू नये म्हणून ती सोय होती.

आणि पडदा म्हणत होता, चौऱ्याऐंशी.

सोमवारी साठ दिवस पुरे होणार होते. सोमवारी गोळ्या बंद. मंगळवारी सकाळी सातची पहिली फेरी, शाळेच्या पोरांची, जयवंतच्या हाती.

रत्नागिरीच्या केंद्रात डॉक्टर निखत मुकादम यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मीठ, पाग, कागद, व्हॉल्व्ह. त्या वाईट बाई नव्हत्या. मध्येच एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. पण ऐकताना त्यांची नजर अधूनमधून समोरच्या पडद्यावर जात होती, आणि पडद्यावर जयवंत नव्हता, नूतन होती. सत्तेचाळीस. पंचेचाळीस. बेचाळीस.

"नूतनताई, तुम्ही स्वतः किती झोपता?"

"माझं राहू द्या हो डॉक्टर. मी त्यांच्यासाठी आलेय."

"तेच म्हणतेय मी. दोन वर्षं तुम्ही एकट्याने ओढलंत. असं होतं. माणूस बरा झाला तरी घरच्यांचं मन पहारा सोडत नाही. साध्या गोष्टींतही धोका दिसत राहतो. घरच्यांची नोंद आम्ही घेतो. पण तिचं आणि आवाजाचं जुळलं नाही तर आवाजाला जास्त वजन द्यायचं, असं चाचणीत ठरलंय. कारण माणूस घाबरतो. आवाज घाबरत नाही."

"माझा आवाज घाबरलाय, असंच ना तुमचा मणी सांगतोय?"

मुकादम मॅडम गोंधळल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुमच्यासाठी मी काही लिहून देऊ का?"

बाहेर व्हरांड्यात रेवा उभी होती. नूतनने तिचा दंड धरून तिला जिन्याखाली नेलं.

"खरं सांग. आकडे तू वाढवतेस?"

"आई!"

"तुमच्या चाचणीला बरी झालेली माणसं हवी आहेत. बाप बरा दाखवला की—"

"आई, तू काय बोलतेयस कळतंय तुला?" रेवाचे डोळे भरून आले. "आठवड्यातून दोनदा येते मी घरी. बाबा वेळेवर उठतात, आंघोळ करतात, देवपूजा करतात, जेवतात. तुला ते आजारीच हवे आहेत का? बरे झाले तर तुला काम उरणार नाही म्हणून?"

तोंडातून गेलेलं दोघींनाही परत घेता येईना.

"दुसरं कुणी बोलत असेल त्यांच्या जागी," नूतन शेवटी खालच्या आवाजात म्हणाली.

"शक्य नाही. मणी दुसऱ्याचा आवाज घेतच नाही." रेवाने नाक पुसलं, हातातला पडदा पुढे केला. "हे बघ. तूच बघ. हे आजचं. दोन मिनिटांत एकही अडखळ नाही. सूर भरलेला, श्वास बरोबर जागेवर. हे कालचं. हे महिन्यापूर्वीचं. खोटं कुठे करणार?"

नूतनने पाहिलं. भरतीच्या लाटांसारख्या रेघा, वर जाऊन खाली येणाऱ्या. चार लाटा, मग श्वासाची बारीक खाच. पुन्हा चार लाटा, पुन्हा खाच. काल तेच. महिन्यापूर्वी तेच.

"इतकं सारखं कसं गं?"

"स्थिर आहेत बाबा. ह्यालाच तर बरं होणं म्हणतात."

परतीच्या बसमध्ये नूतनला पहिल्यांदा स्वतःचाच संशय आला. तिच्या आजोळी एक मावशी होती, तिला सगळ्यांच्या ताटात विष दिसायचं. आपलंही तसंच होत चाललंय का? धडधाकट नवऱ्याला बिनमिठाचं खायला घालून त्याचं तोंड निरखणारी बाई शहाणी म्हणायची का? तिने गळ्यातला मणी मुठीत धरला. डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी पिशवीत होती. घ्याव्यात का गोळ्या? निदान एकाला तरी बरं वाटेल.

शनिवारी अंगणवाडीत नवीन मुलगी आली. साडेचार वर्षांची, दोन घट्ट वेण्या. आई कौतुकाने फुलून गेलेली. "बाई, आमच्या अन्वीला सगळं येतं. अनू, म्हण गं महिने."

अन्वीने हात मागे बांधले आणि चैत्रापासून फाल्गुनापर्यंत सगळे महिने एका दमात म्हटले. मग वार, मग नक्षत्रं. सत्तावीसच्या सत्तावीस. आवाज खणखणीत, मान तालावर डोलतेय. आईने भोवताली पाहिलं.

"शाब्बास," नूतन म्हणाली. मग खाली वाकून सवयीने विचारलं, "आज काय खाऊन आलीस गं, अनू?"

अन्वी गप्प. डोळे जमिनीकडे. ओठ हलले, पण शब्द येईना.

"लाजते जरा," आई म्हणाली.

"असू दे. पाठ येणं वेगळं, बोलणं वेगळं. येईल बोलायला." हे वाक्य नूतनने वीस वर्षांत शंभर आयांना सांगितलं असेल. तोंडपाठ झालं होतं तेही. ते सांगून ती खिचडीकडे वळली, आणि विसरली.

नूतनचा एक नेम होता, सासूबाईंकडून आलेला. सकाळी उठल्यापासून तुळशीला पाणी घालून, प्रदक्षिणा करून, दिवा लागेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. दिवसभर जीभ चालतेच, निदान पहिला शब्द देवासाठी राखावा, असं सासूबाई म्हणायच्या. घरातल्यांना ते ठाऊक होतं. त्यामुळे सकाळचा तो तास ह्या घरात फक्त जयवंतचा आवाज असायचा. तो देवासमोर बसून स्तोत्र म्हणायचा. आजीने सात वर्षांचा असताना पाठ करून घेतलेलं, रामाचं. वादळात बोट सापडली तरी तो तेच म्हणत चाक धरायचा.

खाटेवरच्या बावीस महिन्यांत ते थांबलं होतं. चाचणी सुरू झाली आणि पुन्हा ऐकू येऊ लागलं, तेव्हा नूतनने तुळशीपाशी उभं राहून पदराने डोळे टिपले होते. गेल्या आठवडाभरात तिला सगळ्यांचा संशय आला होता. मण्याचा, डॉक्टरांचा, पोटच्या पोरीचा, शेवटी स्वतःचाही. एका त्या स्तोत्राचा तेवढा आला नव्हता. आतून तो सूर सुरू झाला की तिच्या जिवाला आधार वाटायचा. स्तोत्र म्हणतायत, म्हणजे अजून धागा तुटला नाही.

रविवारी ती मागच्या अंगणात गेली. तांब्यातली धार तुळशीच्या मुळाशी सोडली. आतून स्तोत्र सुरू झालं. ती प्रदक्षिणेला वळली आणि नकळत तिचं बोट पदराच्या काठावर लाटा काढू लागलं. वर, खाली. वर, खाली. चार चरण, मग श्वास. पुन्हा चार चरण, पुन्हा श्वास.

तिचे पाय थांबले.

चार लाटा आणि खाच.

प्रदक्षिणा अर्धी टाकून ती अनवाणी, ओल्या पायांनी माजघरात आली. देवघराचं दार लोटलेलं होतं. फटीतून तिला जयवंतची पाठ दिसली, ताठ. गळ्यात मणी, मण्यावर हिरवा ठिपका. आवाज भरलेला, गोल, चाळीस वर्षांच्या रियाजाचा. पण डोळे देवाकडे नव्हते. ते भिंतीवर होते, जिथे काहीही नव्हतं.

टुक्. दोन मिनिटं संपली. ठिपका विझला.

आणि जयवंत थांबला. श्लोकाच्या मध्यावर, नावाच्या मध्यावर, पहिलं अक्षर तोंडात आणि दुसरं नाही, असा थांबला. अर्धं स्तोत्र तिथेच टाकून त्याने हात गुडघ्यांवर ठेवले.

दिवा अजून लागायचा होता. तरीही नूतन बोलली.

"पुढचं म्हणा."

तो दचकला. ती ह्या वेळी बोलते हेच त्याला नवीन होतं. "झालं," तो म्हणाला.

"कुठे झालं? देवाचं नाव तोंडात अर्धं ठेवून उठणारे तुम्ही?"

"झालं ना. दोन मिनिटं."

नूतन त्याच्यासमोर येऊन बसली. पायांच्या ओल्या खुणा फरशीवर उमटल्या होत्या. तिचा सगळा राग, सगळा संशय आता एका जागी येऊन उभा राहिला, आणि ती जागा फार मऊ होती. यंत्र करणाऱ्यांनी सगळ्याचा विचार केला होता. कुणी दुसऱ्याचा आवाज देईल, कुणी झोपेत बोलेल, कुणी दारू पिऊन. एकच गोष्ट त्यांनी गृहीत धरली होती, की एकटा माणूस बोलेल तेव्हा स्वतःचेच शब्द बोलेल. शब्द ऐकायची तर मनाईच होती. हा आवाज ह्या माणसाचा आहे की ह्याच्या आजीने ह्याच्यात घालून ठेवलेला, ते मण्याला कोण सांगणार? आणि मण्याला काय बोलायचं! सत्तावीस नक्षत्रं म्हणणारी पोर कालच नूतनच्या पुढ्यात उभी होती. हिने तरी कुठे ओळखलं?

"बटण पुन्हा दाबा," ती म्हणाली. "स्तोत्र नको. मला सांगा, काल काय जेवलात."

त्याने तिच्याकडे पाहिलं. बटण दाबलं. ठिपका हिरवा झाला.

"काल..." तो म्हणाला.

बाहेर दत्तारामचा कोंबडा आरवला. धक्क्यावर बोटीचा पहिला भोंगा झाला.

"काल आपण... भात." मग पुन्हा काही नाही. त्याच्या कपाळावर घाम आला. शब्द कुठून तरी फार खालून ओढत आणावे, दोर हाताला कापावा, आणि वर येईपर्यंत पोहरा रिकामा व्हावा, तसं त्याचं तोंड दिसत होतं. "भात... आणि... नूतन, मला नाही..."

टुक्.

पडद्यावर तांबडा गोल आला. बावीस.

"तुम्ही मला फसवलंत?" तिने विचारलं. आवाजात राग आणायचा होता, पण आला नाही.

"नाही गं... ते म्हणाले, काहीही बोला. मला काही... काहीच येईना. एवढंच येत होतं. बाकी सगळं... बुडालंय. एवढं एक तरंगतं."

मग पाग, कागद, व्हॉल्व्ह, सगळं तिने विचारलं, एकेक, नाव घेऊन. प्रत्येक नावाला त्याची मान आणखी खाली गेली, आणि तिला कळलं. तिने त्याचं डोकं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं. तो रडला, दोन वर्षांत पहिल्यांदा, मोठ्याने, लहान पोरासारखा श्वास अडकत अडकत.

तशीच बसल्या बसल्या तिने फोन लावला. "रेवा, डॉक्टरांना घेऊन ये. आत्ता. आणि तुला परवा बोलले ते मनात धरू नको."

"आई? काय झालं?"

"बाबा बोलतायत," नूतन म्हणाली.

दुपारच्या आत मुकादम मॅडम आल्या. दोन मिनिटांचा खरा आलेख त्यांनी उभ्या उभ्याच पाहिला आणि मग खाली बसल्या. दाखला थांबला. गोळ्या थांबल्या नाहीत, वाढल्या. चुंबकाचे ठोके नव्याने सुरू झाले, आणि पहिले तीन आठवडे नूतनने नवऱ्याला नजरेआड केलं नाही. दत्ताराम न बोलवता रोज संध्याकाळी पडवीत येऊन बसू लागला.

पुढच्या आठवड्यात केंद्राने सगळ्या दोनशे बारा माणसांचे आलेख बाहेर काढले. एकोणीस जणांचे दिवसामागून दिवस एकसारखे निघाले. घरोघर जाऊन विचारलं तेव्हा कळलं, कुणी आरती म्हणत होतं, कुणी पाढे. एक आजी रोज नमाजातलंच मण्याला ऐकवत होत्या. एसटीचा एक निवृत्त कंडक्टर रत्नागिरीपासून बोरिवलीपर्यंतचे थांबे क्रमाने म्हणत होता, आणि त्याचा आकडा नव्वदच्या खाली कधी आला नव्हता.

"आम्ही तुम्हाला गोळ्या द्यायला निघालो होतो," मुकादम मॅडम नूतनला म्हणाल्या. "मला माफ करा. आता जयवंतरावांना सांगा, ते स्तोत्र काही दिवस बंद—"

"बंद नाही करायचं," नूतन शांतपणे म्हणाली. "तेवढ्या एका फळीवर दोन महिने तरंगले ते. फक्त मणी काढून म्हणायचं, आणि शेवटापर्यंत म्हणायचं. देवाला सांगायचं ते देवाला, डॉक्टरला सांगायचं ते डॉक्टरला."

आकडा बावीसवरून सव्वीसला आला, मग तिसाला. हळूहळू, रडतखडत. पण नूतनचा आकड्यांवरचा विश्वास उडाला तो उडालाच. दर बुधवारी ती आपली कालवणात मीठ घालायची नाही. पाच बुधवार जयवंत मुकाट्याने जेवला.

सहाव्या बुधवारी त्याने घास घेतला आणि हात थांबला.

"मीठ..." तो म्हणाला. "मीठ नाही यात."

नूतनचं काळीज एकदम वर आलं, आणि लगेच संशयाने खाली गेलं. "रेवाने सांगितलं तुम्हाला?"

"काय सांगितलं?"

"मिठाचं. मी मुद्दाम घालत नाही ते."

"मुद्दाम?" मग त्याच्या मानेवरची शीर फुगली. "म्हणजे... गेल्या बुधवारीही? आणि त्या... त्याच्या आधी... अगं तू... सुरमई होती गं ती! सुरमई... बिनमिठाची... माझी परीक्षा घेतेस? मी काय... मी काय बोट आहे, वर ओढून... वर ओढून बूड तपासायला?"

आठ ठिकाणी अडखळला. नूतनने मोजलं. एकही शब्द पाठ केलेला नव्हता. दोघांचे मणी खुंटीवर लोंबत होते, आणि ऐकायला तिथे तिच्याशिवाय कुणी नव्हतं. तिने उठून मिठाचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

त्याने चिमूट घातली, कालवलं, चाखलं. कपाळाला आठी पडली.

"तिरफळंही कमीच आहेत," तो म्हणाला.